जुनी अमेरिकन गाडी पाळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोल भरायला थांबलं की माझी दहा मिनिटं जातात. टाकीचं झाकण उघडेपर्यंत शेजारी कुणीतरी येऊन उभं असतं. अमेरिकन असेल तर "आमच्या आजोबांकडे हीच होती" अशी सुरुवात. मराठी असेल तर गाडीला एक प्रदक्षिणा, टायरला हलकी लाथ, आणि मग खालचा पहिला प्रश्न. मंडळाच्या पिकनिकला, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांकडून, व्हॉट्सअ‍ॅपवर, सगळीकडे तेच तेच विचारलं जातं, म्हणून एकदाच बसून लिहून काढलं.

गाडी आहे १९६६ ची प्लायमथ व्हॅलियंट, क्रायस्लर कंपनीची. चार दारं, फिकट निळा रंग, ३.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, तोही स्टिअरिंगच्या दांड्यावर. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो आणि बारा वर्षं ही माझ्याकडे आहे. त्यामुळे उत्तरं मिशिगनच्या हवेतली आहेत आणि मतं सगळी माझी.

किती देते?

गॅलनला अठरा मैल. म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटरच्या आसपास. थंडीत चोकवर असली की त्याहून कमी. वर्षाला दीड हजार मैल चालते, म्हणजे सालाला साधारण ८३ गॅलन पेट्रोल. या छंदात पेट्रोल हा सगळ्यात किरकोळ खर्च आहे.

रिस्टोअर कुठे करून घेतलीत?

करून घेतलेलीच नाही, आणि या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे.

जुन्या गाड्यांच्या इथे ढोबळमानाने दोन जाती. एक, पूर्ण खोलून, पत्रा उघडा करून, नवा रंग नव्या सीटा घालून पुन्हा उभी केलेली. दुसरी, कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली. तिला इथे सर्व्हायव्हर म्हणतात. माझी दुसऱ्या जातीची. रंग जवळजवळ सगळा कारखान्यातला, सीटचं कापड मूळचं, इंजिन कधी उघडलेलं नाही. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका ही १९३५ पासूनची संस्था आहे. तिच्या प्रदर्शनांत अशा गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. तिथे चकाकीला महत्त्व नसतं, मूळचं किती टिकलंय ते बघतात.

माझ्या गाडीच्या डाव्या दाराला आतून, खिडकीच्या खाली, तळहाताएवढी जागा गुळगुळीत झालेली आहे. पहिल्या मालकाचं कोपर तिथे सदतीस वर्षं टेकलं. आता माझं टेकतं. नवं पॅनल पाचपन्नास डॉलरला मिळत असतं तरी बसवलं नसतं.

हा पहिला मालक टूल-अँड-डायचा, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे बनवणारा, कारागीर होता, निवृत्त होऊन वारला, गाडी मुलाने दहा वर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवली आणि मग मला विकली. गाडीबरोबर एक स्पायरलची वही मिळाली. भरलेलं प्रत्येक गॅलन, बदललेलं प्रत्येक ऑइल, सगळं शिसपेन्सिलीने, तारीख आणि मैलांसकट. १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत प्रत्येक ओळ चौदा-पंधरा गॅलनची. त्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि वहीतले आकडे एकदम पाच गॅलन, चार गॅलन, पुन्हा पाच असे होतात. रांगेत उभं राहून जे मिळेल ते. भावही काही महिन्यांत चाळीस सेंटांच्या आतून पन्नासच्या वर गेलेला दिसतो. त्याबद्दल चिडून लिहिलेला एक शब्दही नाही, फक्त आकडे. अशी वही असलेली गाडी खोलून नवी करायची म्हणजे जुन्या पोथीवर पांढरा रंग मारून सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिण्यासारखं आहे.

आता माझा स्वतःचा गाढवपणा. घेतल्यावर पहिल्याच वर्षी, प्रदर्शनाला न्यायची म्हणून, एका डिटेलिंगवाल्याकडे पॉलिशला दिली. नाव सांगत नाही. त्याने नव्या गाडीला फिरवतो तसं मशीन फिरवलं. क्रायस्लरचा त्या काळचा रंग म्हणजे भट्टीत भाजलेला इनॅमल, वर आजच्यासारखा पारदर्शक थर नाही, आणि पन्नास वर्षांच्या पुसण्याने कडांवर आधीच विरलेला. उजव्या मडगार्डाच्या कडेवर वीतभर लांबीत खालचा प्रायमर दिसायला लागला. अजून दिसतो. बहुतेकांना दाखवल्याशिवाय कळत नाही, पण मी दाखवतो. तेव्हापासून गाडीला फक्त हात, मऊ फडकं आणि मेण.

मग मस्टँग का नाही घेतली?

कारण सगळे मस्टँगच घेतात. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने ती आणली आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांवर विकली गेली. फायदा असा की तिचा प्रत्येक तुकडा आजही नवा बनतो, अख्खी बॉडीसुद्धा विकत मिळते. तोटा असा की त्यामुळेच जुनी म्हणून समोर उभी असलेली मस्टँग खरंच किती जुनी आहे हे ओळखणं अवघड. जाता जाता, मस्टँगच्या सोळा दिवस आधी प्लायमथने बॅराकुडा आणली होती, तीही व्हॅलियंटच्याच सांगाड्यावर. ती आठवण फक्त आमच्यासारखे ठेवतात.

पहिल्यांदा घेत असाल तर माझा सल्ला चार दारांच्या, सहा सिलिंडरच्या, साध्या कौटुंबिक गाडीचा. व्हॅलियंट, डॉज डार्ट, फोर्ड फाल्कन, शेव्हरोले नोव्हा, रॅम्बलर. या गाड्यांतून लोक कामावर गेले, पोरं शाळेत सोडली, त्यांना कुणी रेसला जुंपलं नाही. दोन दारांच्या आणि मोठ्या, आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनांच्या गाड्यांची निम्मी किंमत कीर्तीची असते. चार दारं म्हटली की इथला खरेदीदार नाक मुरडतो, त्याचा फायदा तुम्ही घ्या. मी माझी घेतली तेव्हा वापरलेल्या कोरोलाच्या भावात आली.

पंखवाल्या मोठ्या गाड्यांचा मोह मलाही होतो. कॅडिलॅकने १९४८ ला लढाऊ विमानावरून मागच्या मडगार्डांना पंख काढले आणि १९५९ पर्यंत ते एवढे वाढले की गाडी पावणेसहा मीटर लांब झाली. घेण्याआधी गॅरेज मोजा. खरंच टेप घेऊन मोजा. माझ्या ओळखीच्या एकाची १९६५ ची इम्पाला, पाच मीटर चाळीस, गॅरेजच्या दारातून शेपूट बाहेर काढून दोन हिवाळे उभी होती.

घेताना काय बघायचं?

पत्रा. मग पत्रा. इंजिन सर्वात शेवटी, कारण इंजिन बनतं, सडलेला पत्रा कुणाच्या बापाला नीट बनवता येत नाही, आणि बनवलाच तर त्या पैशात दुसरी गाडी आली असती.

इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ खालून खातं. त्यामुळे वरची चकाकी बघू नका, जमिनीवर झोपा. व्हॅलियंट-डार्टच्या पुढच्या सस्पेन्शनला स्प्रिंगऐवजी लांब पोलादी दांडे असतात, टॉर्शन बार. त्यांचं मागचं टोक पुढच्या सीटखालच्या आडव्या पट्टीत अडकवलेलं असतं. गाडीच्या पुढच्या भागाचा भार त्या पट्टीवर असतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे आत गेलं की मालकाला नमस्कार करून निघायचं, भाव कितीही उतरवला तरी. दुसरी जागा म्हणजे काचेच्या खालच्या जाळीतून पाणी आत झिरपून पुढचा फ्लोअर सडतो. चटई उचलून हात लावून बघा.

बाजूंच्या पत्र्याला चोरून लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे का, त्यासाठी फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून फिरवायचं. जिथे धरत नाही तिथे लांबी. आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची ही युक्ती इथेही तशीच चालते.

मीटरवर विश्वास नको. या गाड्यांचा मीटर पाच आकडी असतो, ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. "फक्त त्रेचाळीस हजार मैल" म्हणजे एक लाख त्रेचाळीस हजारही असू शकतात. ब्रेकच्या पेडलचं रबर, किल्लीच्या भोवतीचे ओरखडे, चालवणाऱ्याच्या बाजूची सीट, यांना विचारा, ते खरं सांगतात. आणि जवळजवळ प्रत्येक विकणारा सांगतो की गाडी एका आजीबाईंची होती, त्या फक्त रविवारी चर्चला न्यायच्या. एवढ्या आजीबाई आणि एवढी चर्चं मिशिगनमध्येही नाहीत.

नंबरही वाचायला शिका. १९६६ च्या व्हॅलियंटचा तेरा अक्षरी नंबर डाव्या दाराच्या खांबावर असतो. त्यातला पाचवा इंजिन सांगतो, सहावा वर्ष, सातवा कारखाना. माझ्यावर सातवा २ आहे, म्हणजे हॅमट्रॅमक गावातला डॉज मेन कारखाना. तो प्रचंड कारखाना १९८० च्या सुमारास बंद होऊन पाडला गेला. माझ्या घरापासून वीस मैलांवर गाडीचं माहेर होतं आणि आता तिथे दुसऱ्याच कंपनीचा कारखाना आहे.

चालवायला कशी वाटते?

सकाळी पहिल्यांदा सुरू करायचा विधी आहे. अ‍ॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, त्याने चोक लागतो. मग पाय काढून किल्ली फिरवायची. क्रायस्लरच्या स्टार्टरचा आवाज बाकी कशालाच नाही: ङ्याँव-ङ्याँव-ङ्याँव, चिडलेल्या मांजरासारखा. इथले शौकीन त्याला हॅमट्रॅमकचा हमिंगबर्ड म्हणतात. इंजिन लागलं की जरा वेळ मोठ्याने गुरगुरतं, अर्ध्या मिनिटाने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी मारली की खाली येतं.

स्टिअरिंगला पॉवर नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाचाहून जास्त फेरे. चालती असताना हलकं, उभी असताना विहिरीचा रहाट. पुढची सीट एकसंध बाक आहे, तिघं बसतात. हेडलाइटचा डिपर पायाने मारायचा, डाव्या पायाशी बटण आहे. एसी नाही, पण खिडकीच्या पुढे तिकोनी काच आहे. ती उलटी फिरवली की वारा थेट छातीवर येतो. ही तिकोनी काच कोणी आणि का बंद केली, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पन्नास-पंचावन्न मैलांच्या वेगाला गाडी खूश असते. सत्तरला जाते, पण मग दोघांनाही ते आवडत नाही. मी हायवे टाळतो.

ब्रेक लागतात का?

लागतात, पण विचार करून. चारही चाकांना ड्रम, नऊ इंची. एकदा जोरात मारला तर छान थांबते, उतारावर लागोपाठ पाच वेळा मारला तर पेडल तेच राहतं आणि गाडी ऐकेनाशी होते. पाणी साचलेल्या रस्त्यातून गेलं की पुढचा ब्रेक एका बाजूला ओढतो. हलका पाय ठेवून ड्रम वाळवायचे.

मूळचं जपण्याचा माझा नियम मी एका ठिकाणी मोडला आहे तो इथे. १९६६ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग असायचा. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. १९६७ पासून पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग वेगळे झाले. मी नंतरच्या वर्षाचा दुहेरी मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग, बसवून घेतला, जुना तेलात बुडवलेल्या कापडात गुंडाळून फळीवर ठेवलाय. प्रदर्शनात एकदोन जण बॉनेटखाली बघून माना हलवतात. हलवू देत.

मुलांना घेऊन जाता का?

माझी मुलं लहान होती तेव्हा नाही. पुढे-मागे फक्त कमरेचे पट्टे आहेत. खांद्यावरून येणारा पट्टा पुढच्या सीटला सक्तीचा झाला १९६८ ला. धडकेत आत दबणारा स्टिअरिंगचा दांडाही त्याच सुमाराचा. माझ्या गाडीत तो अखंड लोखंडी आहे आणि त्याचं टोक माझ्या छातीकडे आहे. डॅशबोर्ड पत्र्याचा. ही गाडी आजच्या गाडीइतकी सुरक्षित आहे असं सांगणारा शौकीन भेटला तर त्याच्याकडून दुसरं काहीही विकत घेऊ नका.

रस्त्यात बंद पडते का?

बारा वर्षांत तीनदा. दोनदा माझ्या चुकीने, एकदा तिच्या.

तिची चूक २०१७ च्या गणपतीतली. ऑगस्टमधला शनिवार, मागच्या बाकावर मंडळाच्या नैवेद्याचे एकसष्ट उकडीचे मोदक, ओल्या फडक्यात. पेट्रोल भरलं, किल्ली फिरवली. लागली. किल्ली सोडली, बंद. पुन्हा सेल्फ मारला, लागली, सोडली, बंद. असं दहा वेळा. पेट्रोल येतंय, ठिणगी आहे, बॅटरी ठणठणीत. मी कार्बोरेटरचं झाकण काढून त्यात डोकं घालून उभा, बायको मोदकांवर दुसरं फडकं घालतेय, मुलगी लाजेने दुकानात गेलेली.

शेजारी एक पिकअप थांबली. सत्तरीचा माणूस, खाली उतरलाही नाही. खिडकीतून म्हणाला, किल्ली सोडली की मरते? मी हो म्हटलं. त्याने आपला ग्लोव्ह बॉक्स उघडला आणि एक पांढरा चिनी मातीचा तुकडा पुढे केला, करंगळीपेक्षा जरा लांब, दोन टोकांना दोन पिना. बॅलास्ट रेझिस्टर.

त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांत हा तुकडा इंजिनामागच्या भिंतीवर असतो. सेल्फ मारताना ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला बॅटरीचा दाब थेट मिळतो. किल्ली सोडली की वीज या रेझिस्टरमधून जाते, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणारे-जोडणारे पॉइंट जळत नाहीत. रेझिस्टर तुटला की अगदी हेच लक्षण. दोन वायरी काढल्या, घातल्या, सुरू. मी पैसे काढले तर तो म्हणाला, दुकानातून दोन घे आणि एक ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेव, कुणाला तरी लागेल. माझ्याकडे आता तीन असतात. दोन देऊन झाले आहेत. मोदक आरतीच्या आधी पोहोचले.

मेकॅनिक कुठून मिळतो?

मिळत नाही. म्हणजे आहेत, पण जे चांगले आहेत ते सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्याकडे चार महिन्यांची रांग आहे. कॉम्प्युटरची वायर लावायची जागाच नाही म्हटल्यावर तरुण मेकॅनिक गोंधळतो. थोडंफार स्वतः शिकावं लागतं, आणि त्यासाठी माझ्या गाडीतल्या स्लँट सिक्ससारखं इंजिन नाही. बॉनेट बुटकं ठेवता यावं म्हणून हे इंजिन तीस अंश आडवं कललेलं असतं. सगळं समोर, हाताशी. १९६० पासून ऐंशीच्या दशकापर्यंत चाललं, त्यामुळे पॉइंट, कंडेन्सर, पंप, गॅस्केट सगळं अजून नवं मिळतं. मिळत नाहीत ते दिसणारे भाग: क्रोमच्या पट्ट्या, मागच्या दिव्याच्या काचा, नावाची अक्षरं. त्यासाठी ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला मोठा बाजार भरतो, तिथे दोन दिवस चालायची तयारी हवी.

माझे खरे गुरू बाबा. ते सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांनी आयुष्यभर फियाट स्वतः उघडली आणि जोडली. मी त्यांना म्हटलं, टॅपेट वाजताहेत, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट वाढून टकटक होतेय, कुणाला तरी दाखवायला हवं. त्यांनी बॉनेट उघडून नुसतं ऐकलं आणि विचारलं, "पुस्तकात किती थाऊ दिलेत?" थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इनटेकला दहा, एक्झॉस्टला वीस, इंजिन गरम आणि चालू असताना. चालू इंजिनावर गरम तेल उडत असताना, एका हातात फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, आणि दुसऱ्यात पाना घेऊन त्यांनी बारा टॅपेट पाऊण तासात बसवले. मला गेज हातात देऊन म्हणाले, जाताना जराशी ओढ लागली पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तशी नको. चष्म्यावर तेलाचे ठिपके. तो आवाज आजही शिवणयंत्रासारखा आहे, आणि टॅपेट मीच बसवतो.

चाकाचे नट हा धडा मात्र मी एकटाच शिकलो. पहिल्या उन्हाळ्यात डाव्या बाजूचं पुढचं चाक काढायला बसलो. नट हलेना. पाइप घालून पाना लांब केला, त्यावर उभा राहिलो, टक्. स्टड तुटला. त्या काळी क्रायस्लरच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असायचे, म्हणजे मी दहा मिनिटं सगळी ताकद लावून नट घट्ट करत होतो. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलेला असतो. धूळ पुसली असती तर दिसला असता.

आजचं पेट्रोल आणि ऑइल चालतं?

अमेरिकेत शिसं घातलेलं पेट्रोल रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १९९६ पासून पूर्ण बंद आहे. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीचं रक्षण व्हायचं. माझ्यासारख्या हलक्या वापराला विशेष फरक पडत नाही, पण एक्झॉस्टच्या टॅपेटची फट दरवेळी कमी झालेली आढळली तर बैठक खाली जातेय असं समजायचं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं. होज नव्या दर्जाचे घालून टाका, वाद संपला. ऑइल झिंक असलेलं घ्या.

उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते, त्यावर इथले म्हातारे पेट्रोलच्या पाइपला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतात. माझ्या मते काही होत नाही. मी चार लावलेत.

हिवाळ्यात काय करता?

नोव्हेंबरच्या मध्यात गाडी आत, एप्रिलमध्ये दोन चांगले पाऊस होऊन रस्त्यावरचं मीठ धुतलं गेलं की बाहेर. आत ठेवताना टाकी काठोकाठ, पेट्रोल टिकवणारं औषध, ताजं ऑइल, बॅटरीला सतत हळू चार्ज करणारं यंत्र, टायरमध्ये जरा जास्त हवा. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर क्लीनरच्या नळीत स्टीलचा काथ्या, कारण उंदीर. काथ्या घातल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. मधेच पाच मिनिटं सुरू करून बंद करू नका. इंजिन तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

नंबरप्लेट, विमा?

मिशिगनमध्ये पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते. तिच्यावर प्रदर्शन, मिरवणूक, क्लबच्या सहली, दुरुस्तीनंतरची चाचणी एवढंच चालतं. रोजच्या कामाला नाही. अपवाद ऑगस्ट महिना: त्या महिन्यात हवी तशी फिरवा, भाजी आणायलाही. ज्या वर्षी गणपती सप्टेंबरात येतात त्या वर्षी मोदक होंडातून जातात.

विमा अशा गाड्यांचा वेगळा असतो. किंमत आधीच मालक आणि विमा कंपनी दोघांनी ठरवायची, गाडी गेली तर तेवढे पैसे. हप्ता कमी, पण रोजच्या वापराला दुसरी गाडी आणि बंद गॅरेज दाखवावं लागतं.

अशा गाड्या एकत्र बघायच्या तर कुठे यायचं?

ऑगस्टचा तिसरा शनिवार, डेट्रॉइटची वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू. १९९५ ला फर्नडेल गावातल्या लोकांनी मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे जमवायला जुन्या गाड्यांची फेरी काढली, आता ती फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत जाते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक पहाटेपासून खुर्च्या टाकून जागा धरतात. हाच रस्ता दक्षिणेला हायलँड पार्कमधून जातो, जिथे फोर्डने १९१३ ला सरकती असेंब्ली लाइन सुरू केली.

खरं सांगू का, त्या दिवशी मी गाडी नेत नाही. चार तास पहिल्या गिअरमध्ये, सगळ्यांचे रेडिएटर उकळताहेत. गुरुवारी संध्याकाळी या. तेव्हा रस्ता वाहता असतो. शांतपणे बघायच्या असतील तर जूनमध्ये फादर्स डेच्या शनिवार-रविवारी डिअरबॉर्नच्या ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये, किंवा कॅलमझूजवळच्या गिलमोर संग्रहालयात.

प्लायमथ म्हणजे मुंबईत होती तीच का?

त्याच घराण्यातली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लायमथ गाड्या जुळवल्या जायच्या. त्याआधी १९२८ पासून जनरल मोटर्स शिवडीला शेव्हरोले जुळवत होती, ती १९५४ ला निघून गेली. टॅक्सी म्हणून काळ्या-पिवळ्या रंगात या धूड गाड्या मुंबईने बरीच वर्षं पाहिल्या. पुढे प्रीमियरने फियाट घेतली, तिचीच पद्मिनी झाली. म्हणजे बाबांची फियाट आणि माझी प्लायमथ यांची कुर्ल्यात ओळख निघते. हे त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "तरीच टॅपेट ओळखीचे वाटले."

भारतात नेणार का, हा जोडप्रश्न. नाही. कस्टम ड्युटी, डावीकडचं स्टिअरिंग, आणि वर २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी प्लेट मिळते खरी, पण ती रॅली-प्रदर्शनापुरती, रोज फिरवायला नाही. तिथे कुणाच्या वाड्यात आधीच उभी असेल तर ती जपा.

घरचे काय म्हणतात?

गाडी बायकोच्या नावावर आहे. बाकी तिला विचारा.

विकणार का?

नाही. फोन करून पुन्हा विचारू नका, विशेषतः इंजिन काढून व्ही-८ टाकायचा विचार असेल तर.

एक चक्कर मिळेल का?

मिळेल. काही गोष्टी सांभाळा. दार आपटायचं नाही, ढकलून शेवटचे चार इंच सोडून द्यायचं, ते आपलं आपण बसतं. कॉफीचा कप ठेवायला जागा नाही, त्यामुळे कॉफी संपवून या. काच फिरवून खाली करायची असते, बटण शोधू नका. कमरेचा पट्टा लावा, चिमट्यासारखं बक्कल आहे, उचललं की सुटतं. आणि डाव्या बाजूचं चाक पंक्चर झालंच तर पाना हातात घेण्याआधी मला हाक मारा.